टेकडीपलीकडची घंटा

"आई गं!"

वाळूच्या खड्ड्यातून पुरुषाचा आवाज आला आणि माझ्या हातातली काठी गळून पडली.

खड्डा रिकामा आहे असं मी धरून चालले होते. आमच्या स्कॅरनेसच्या गोल्फच्या मैदानावरचे खड्डे पुरुषभर खोल. आत कुणी उतरलं तर त्याची टोपीसुद्धा बाहेरून दिसत नाही. एप्रिलची सकाळ होती, समुद्रावरून धुकं सरकत येत होतं, आणि मी मारलेला बॉल वाऱ्यानं उचलून नेमका तिथे नेऊन टाकला होता. मी धावत काठावर गेले. खाली एक तरुण गुडघ्यांवर बसलेला. खड्ड्याची भिंत रचायला आणलेले गवताचे चौकोनी तुकडे त्याच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा थर्मास... चेपलेला. चहा त्याच्या बाहीवरून ठिबकत होता.

"सॉरी! सॉरी... खरंच सॉरी!"

"तीन सॉरी?" त्यानं वर पाहिलं. भुवयांवर वाळू, आणि डोळे राखाडी, ढग आल्यावर समुद्र होतो तसे. "थर्मास तर एकच होता."

"तुम्हाला लागलं का?"

"मला नाही. चहाला लागलं."

"मला दिसलाच नाहीत हो तुम्ही. म्हणजे... मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तरीपण—"

"दिवसभर लोकांचे डोळे तपासता?" आता तो उघडउघड हसत होता. "मग या गावाचं काही खरं नाही."

मी लाजेनं लाल झाले. त्यानं शांतपणे आपलं सामान कडेला सरकवलं, भिंतीला पाठ टेकली आणि हाताची घडी घालून म्हणाला, "या, खेळा. मी बघत नाही." आणि अर्थातच बघत बसला. माझा बॉल काही केल्या त्या खड्ड्यातून बाहेर निघेना. शेवटी तो निघाला तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा एकदा सॉरी म्हणून तिथून अक्षरशः पळ काढला.

त्याचं नाव इनिस रेंडल. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून हिवाळ्यात आमच्या मैदानावर कामाला आलेला. हिरवळ राखायची, खड्ड्यांच्या भिंती रचायच्या, वाळूचे डोंगर वाऱ्यानं उडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर गवत लावायचं. आणि मी एफी गेडिस. जन्मापासून स्कॅरनेसची आणि जन्मापासूनच धास्तावलेली. दाराला धक्का लागला तर दाराला सॉरी म्हणणाऱ्यांतली.

अशा मुलीनं खरं तर आमच्या मैदानावर खेळूच नये. तिथे एक झाड नाही आडोशाला. वारा सकाळी एकीकडून, दुपारी दुसरीकडून. जमीन इतकी कडक आणि उंचसखल की मनासारखा बसलेला फटका एखाद्या उंचवट्यावर आपटून काटेरी झुडपांत जातो आणि वेडावाकडा गेलेला फटका घरंगळत झेंड्यापाशी येतो. न्याय मागायचा नाही, पुढच्या फटक्याला लागायचं, असं माझे आजोबा सांगायचे. मी लागायचे, पण धास्तावूनच.

मे महिन्यात क्लबची जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. एक बाई, एक पुरुष, दोघांत मिळून एकच बॉल. एक फटका तिनं मारायचा, पुढचा त्यानं. या स्पर्धेनंतर वेगवेगळ्या गाड्यांतून घरी गेलेली नवरा-बायकोची जोडपी मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बिनलग्नाच्यांच्या जोड्या मात्र चिठ्ठ्या टाकून ठरतात. क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणारी माझी इशबेल आत्या काकांच्या जुन्या लोकरी टोपीतून नावं काढते. हा मान तिचा, आणि त्यात कुणी नाक खुपसलेलं तिला चालत नाही.

"एफी गेडिस," आत्या म्हणाली. मग टोपीत हात घालून जरा जास्तच वेळ ढवळत राहिली. "आणि... इनिस रेंडल."

तो खोलीच्या पलीकडून आला. त्याच्या हातात नवा थर्मास होता, आणि तो त्यानं मला बघून पाठीमागे लपवला.

"नियम माहीत आहे ना दोघांना?" आत्यानं दरडावलं. "जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. तू घोळ घालायचा, त्यानं निस्तरायचा. त्यानं घातला तर तू. सॉरी म्हणत बसलात तर तिथंच अंधार पडेल."

हा आमच्याकडचा जुना रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण मोडला की लोक अशा नजरेनं बघतात की पुसू नका.

"हिला जमायचं नाही," इनिस म्हणाला. "पैज लावू. जो सॉरी म्हणेल त्यानं दुसऱ्याला बेकरीतला मॅकरोनी-चीज भरलेला पाय खाऊ घालायचा."

"आणि तुम्हीच म्हणालात तर?"

"आधी ते 'तुम्ही' बंद कर. एका बॉलला दोघांनी मारायचं, त्यात कसलं अहो-जाहो?"

"सॉरी," मी म्हणाले.

"झाला एक पाय."

किती पाय झाले त्या उन्हाळ्यात, विचारू नका! बेकरीवाली मला बघितलं की न विचारता पिशवीत भरायला लागली. आम्ही संध्याकाळी दोघंच सरावाला जायचो. आमच्याकडे त्या दिवसांत उजेड मावळायचं नाव घेत नाही, आणि मला तर तो कधीच मावळू नये असं वाटायला लागलं होतं. मी बॉल ओढ्यात घालायचे आणि ओठ दातांखाली दाबून उभी राहायचे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

"म्हण, म्हण. भूक लागलीये मला."

"नाही म्हणणार."

"डोळ्यांनी म्हणालीस. अर्धा पाय."

आम्ही एकेक फेरी जिंकत गेलो. कसे, ते त्या मैदानालाच ठाऊक.

चौदावं होल मला सगळ्यांत नकोसं. त्याचं नावच 'आंधळी'. समोर वाळूची उंच टेकडी, तिच्या माथ्यावर पांढरा खांब, आणि हिरवळ, झेंडा सगळं टेकडीपलीकडे. खांबाच्या रोखानं मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पलीकडच्यांचं खेळून झालं की ते हिरवळीपाशी टांगलेली घंटा वाजवतात. ती वाजेपर्यंत अलीकडच्यांनी मारायचं नाही, टेकडी ओलांडायची नाही. पलीकडे काय चाललंय दिसत नाही, वारा ऐकू देत नाही. नुसतं कान लावून उभं राहायचं. माझ्यासारखीच्या जिवाला हे फार.

इनिसचं मात्र ते सगळ्यांत आवडतं. "इथे दिसल्यावर मारीन म्हणून चालत नाही," तो म्हणायचा. "न दिसता मारावं लागतं."

जूनमधल्या एका संध्याकाळी आम्ही त्या टेकडीच्या माथ्यावर बसलो होतो. माझ्या बाहीला गवताची कुसळं लागली होती. तो एकेक काढत होता, अगदी सावकाश, जणू काही ती संपूच नयेत. शेवटचं कुसळ निघालं तरी त्याचा हात तिथेच राहिला...

"न्यूझीलंडहून फोन आला होता," तो म्हणाला.

"कसला?"

"समुद्राकाठी नवं मैदान करताहेत. सगळं माझ्या हाती देणार म्हणतात. फायनलच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय." तो माझ्याकडे नाही, हातातल्या कुसळाकडे बघत होता. "तुला काय वाटतं?"

जाऊ नकोस. हेच वाटत होतं मला. आणखी काहीसुद्धा नाही. ते दोन शब्द जिभेवर आले होते. पण मी कोण त्याला अडवणारी? बाहीवरची कुसळं काढली म्हणून कुणी कुणाचं होतं का? आणि उद्या इथल्याच वाळूत म्हातारा झाल्यावर तो म्हणाला, तुझ्यामुळे राहिलो, तर?

"छान संधी आहे," मी म्हणाले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून वर म्हणाले, "सोडू नकोस."

त्यानं हात काढून घेतला. "हं. छान आहे खरी."

त्यानंतर माझी झोप उडाली. दुकानात एका आजोबांना मी दुसऱ्याच कुणाचा चष्मा चढवला आणि ते बिचारे सगळं दोन-दोन दिसतंय म्हणत बसले. हरलो असतो तर आमचं रोजचं भेटणंच संपलं असतं. जिंकत होतो तर फायनल जवळ येत होती, आणि फायनलबरोबर ती संध्याकाळ. इनिस पूर्वीसारखाच चेष्टा करायचा, पण मधेच गप्प व्हायचा. मला रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज मी एक पाय विकत घेऊन घरी जायचे.

फायनलला समोर डॉक्टर मन्रो आणि त्यांची बायको मार्जरी. कप त्यांच्या घरच्या कपाटात इतकी वर्षं होता की मार्जरीबाई त्यात बटणं ठेवायच्या. दोघं मैदानभर कडाकडा भांडत खेळतात, पण एकमेकांना सॉरी म्हणून म्हणत नाहीत.

"डोळे मिटून मारलंस की काय, मार्जरी?"

"उघडे ठेवले तर तुम्ही दिसता."

सकाळचं धुकं उठलं आणि वारा उलटा फिरला. आमची सगळी गणितं चुकली. एरवी दोन फटक्यांत गाठायची हिरवळ आता क्षितिजावर गेल्यासारखी वाटत होती. माझे हात थरथरत होते. इनिसनं एकदा नुसतं माझ्या हातावर बोट टेकवलं, "थंडी वाजतेय त्यांना," म्हणाला, आणि पुढे चालू लागला. आंधळीवर मी पांढऱ्या खांबावरून मारलं, आणि टेकडी चढून बघते तो बॉल झेंड्यालगत! मी ओरडलेच. इनिस हसला, पण त्याची नजर घंटेकडे गेली आणि हसू विरून गेलं. आता फक्त एक संध्याकाळ उरली होती.

शेवटच्या होलवर आलो तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत. क्लबच्या खिडक्यांना माणसं चिकटलेली. इनिसचा पहिला फटका वाऱ्यानं ढकलला आणि बॉल वाळूच्या उतारावरच्या उंच गवतात जाऊन बसला. पुढचा फटका माझा. मी गवतात शिरले. बाकीचे सगळे पाठीमागे, माझ्या पाठीआड. मी काठी बॉलच्या मागे अलगद टेकवली, आणि काठीखालचं गवत दबलं... आणि बॉल कलंडला. अंगठ्याच्या पेराएवढा. तेवढाच.

कुणी पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं.

मी सरळ उभी राहिले. "डॉक्टर, बॉल हलला. माझ्यामुळे."

"मला नाही दिसला."

"मला दिसला."

"बरं." त्यांनी मान हलवली. "एक फटका दंड. होता तिथे परत ठेव."

बस्, एवढंच. आमच्याकडे याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. चोरी केली नाही म्हणून कुणी कुणाला हार घालतं का? मी बॉल परत ठेवला, मारला, आयुष्यात मारला नसेल असा मारला. इनिसनं तो झेंड्यापाशी नेला, मी आत घातला. आणि आम्ही हरलो. बरोबर त्या एका फटक्यानं.

टोप्या काढून सगळ्यांनी हात मिळवले. इनिसनं माझा हात धरला तो सोडलाच नाही थोडा वेळ. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"एफी, तुला खोटं बोलताच येत नाही. हो ना?"

"नाही येत," मी म्हणाले. मला वाटलं, कौतुक करतोय.

"तेच तर." त्यानं हात सोडला, पिशवी खांद्याला लावली, आणि सगळे क्लबात शिरत असताना तो उलटा, मैदानाकडे चालू लागला.

मी स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. आत्या माशाचं सूप वाढत होती.

"इनिस कुठाय?"

"गेला. माझ्यामुळे हरलो ना. रागावला असेल."

"बॉलपायी? छट्! तो ऑर्कनीचा आहे, त्याला खरंखोटं कळतं. काय म्हणाला जाताना?"

मी सांगितलं. आत्याचा हात थांबला.

"आणि ते न्यूझीलंडचं... तुला विचारलं होतं त्यानं?"

"हो."

"मग काय म्हणालीस?"

"छान संधी आहे, सोडू नकोस, म्हणाले."

आत्या नुसती माझ्याकडे बघत राहिली, हातात डाव धरून. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या मुलीला कुणीही न पाहिलेला, पेराएवढा हललेला बॉल लपवता येत नाही, ती त्याला जा म्हणाली होती. म्हणजे त्याच्या लेखी तिला तो खरंच जायला हवा होता! मी आज साऱ्या गावादेखत खरेपणा मिरवून, त्या दिवशीचं खोटं पक्कं करून टाकलं होतं.

"आत्या, किती वाजले?"

"संध्याकाळ झालीये, एवढं पुरे नाही का? पळ!"

मी पळाले. वारा समोरून, बुटांत वाळू, डोळ्यांत पाणी. त्याला फोनची रेंज फक्त एकाच ठिकाणी मिळते हे मला माहीत होतं. पांढऱ्या खांबापाशी. तो आत्तापर्यंत हो म्हणून मोकळा झाला असेल. मी पोचेन तेव्हा तो विमानाचं तिकीट बघत असेल...

टेकडीच्या पायथ्याशी आले. खांबापाशी कुणी नव्हतं. आणि मी थांबले. हसाल, पण माझे पाय पुढे जाईनात. लहानपणापासूनची सवय. घंटा वाजल्याशिवाय टेकडी ओलांडायची नाही. मग मी तिथूनच ओरडले, बेंबीच्या देठापासून.

"इनिस! मी खोटं बोलले! छान नाहीये ती संधी! मला अजिबात छान वाटत नाहीये! तू जाऊ नकोस!"

वाऱ्यानं माझे शब्द माझ्याच तोंडावर मारले. पलीकडून काही नाही.

आणि घंटा वाजली.

मी हातापायांवर टेकडी चढले. तो खाली घंटेपाशी उभा होता, दोरी हातात धरून.

"ऐकलंस?" मी धापा टाकत विचारलं.

"काय? या वाऱ्यात? एक अक्षर नाही."

"मग घंटा कशी वाजवलीस?"

"वरून तू धावत येताना दिसलीस, म्हणून खाली उतरलो. म्हटलं, ही बया घंटा ऐकल्याशिवाय पाऊल टाकायची नाही." त्याचा आवाज चेष्टेचा होता, पण हात दोरीवर घट्ट आवळलेले. "काय ओरडत होतीस?"

म्हणजे पुन्हा म्हणायचं होतं. तोंडासमोर. त्या राखाडी डोळ्यांत बघून.

"फोन केलास?" मी आधी विचारलं.

"केला. कुणी उचलला नाही. तिकडे अजून पहाट आहे."

मी देवाचे आभार मानले, पृथ्वी गोल केल्याबद्दल. आणि म्हणाले, "इनिस, मला खोटं बोलता येतं. त्या दिवशी वर खांबापाशी बोलले. मला तू इथे हवा आहेस. तू गेलास तर मी तुझ्या तोंडावर हसून निरोप देईन आणि मग... मग माझं काही खरं नाही. तू जायचं तर जा. पण मी जा म्हणाले म्हणून जाऊ नकोस."

त्यानं दोरी सोडून दिली. मग त्यानं खाली वाळूत पाहिलं.

"मलाही एक सांगायचंय. त्या टोपीत माझी चिठ्ठी नव्हतीच. ती तुझ्या आत्याच्या मुठीत होती. तिला बरणीभर मध दिला होता मी."

"लबाड! कधीपासून—"

"थर्मास चेपल्यापासून. गावभर सगळे मला छान संधी, छान संधी म्हणत होते, एफी. 'जाऊ नकोस' म्हणणारं एक माणूस शोधत होतो मी."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन किणकिणला आणि रेंज नसल्यानं लगेच बंद पडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो टेकडी चढून खांबापाशी गेला. मी खाली घंटेजवळ. त्याची पाठ दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. तो बोलला, थांबला, मान हलवली, पुन्हा बोलला. किती वेळ बोलत होता! माझ्या मनात नाही नाही ते आलं. तिकडचे पगार वाढवत असतील. मैदानाचं वर्णन करत असतील. तो खाली उतरायला लागला तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, छान संधी आहे." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पण मला नकोय. इथे कामात अडकलोय... आणि सॉरी म्हटलं त्यांना."

"झाला एक पाय," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

त्यानं माझे गाल पुसले. त्याच्या बोटांना वाळू होती, ती माझ्या गालांना लागली, आणि आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसायचं राहूनच गेलं. त्याचे ओठ खारट होते. वाऱ्यानं सगळंच खारट होतं आमच्याकडे.

अचानक धप् करून काहीतरी पडलं. टेकडीवरून उडत आलेला एक बॉल आमच्या पायांशी घरंगळत थांबला. मघाशी वाजलेली घंटा कुणीतरी खरी मानली होती. पाठोपाठ माथ्यावर एक बाई दिसल्या, दोन्ही हात डोक्यावर ठेवून.

"सॉरी!" त्या ओरडल्या. "अगदी सॉरी हं!"

"चालतंय!" मी ओरडले, इनिसचा हात न सोडता.